नाथाजींनी सुटं घेतलं

आष्ट्याच्या नाथाजी ढोल्यांनी लग्नानंतरच्या नऊ वर्षांत चारशेच्या वर लग्नं शूट केली. त्यातल्या प्रत्येक लग्नात त्यांची बायको त्यांच्यापासून चार हातांवर उभी राहून बोलत होती. तरी ती गेल्यावर तिच्या आवाजाचा एक तुकडा मिळावा म्हणून या माणसाला गावोगाव हिंडावं लागलं. हे ऐकून लोक म्हणतात, असं कसं होईल? झालं तसं. त्यात माझाही हात आहे, म्हणून मीच सांगते. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मला त्यातून सोडून दिलं असतं, आणि मला ते नको आहे.

मी अश्लेषा. सत्याण्णव साली सांगलीत विश्रामबागेतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी नोकरीला होते. मालक सुमंतसर. त्यांना विकता सगळं येई, चालवता काहीच येत नसे. गिऱ्हाईक आलं की "आमच्या मॅडम दाखवतील" म्हणून मला पुढे करायचे आणि स्वतः चहा सांगायला जायचे. मी तेवीस वर्षांची, बीएस्सी झालेली, जगात आपल्याला कळत नाही असं काही नाही अशा वयाची.

लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्यांत तेव्हा मोठी गडबड उडाली होती. तोवर दोन व्हीसीआर शेजारी ठेवून, कॅसेट पुढे-मागे पळवत, कापाकापी चालायची. आता तेच काम कॉम्प्युटरवर होऊ लागलं होतं. पडद्यावर बदामाच्या आकारात नवरा-नवरी आणायची, नावं गरागरा फिरवायची, पानं उलटायची. मिरजेच्या एकाने आणलं म्हणून तासगावच्याने आणलं, तासगावच्याने आणलं म्हणून विट्याच्याला झोप येईना. तुळशीचं लग्न लागायच्या आत हे सगळे आमच्या दुकानाच्या पायऱ्या झिजवायला लागले. बहुतेक एकटेच यायचे. नाथाजी बायकोला घेऊन आले.

एम-एटी स्कूटरवरून दोघं उतरली. नाथाजी बुटके, गोल, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. विजयमाला नवऱ्यापेक्षा बोटभर उंच. तिचा उजवा खांदा डाव्याहून किंचित वर राहिलेला होता आणि उजव्या हाताची कातडी कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्यासारखी काळी पडली होती. मी बघत राहिले तशी तीच म्हणाली, "लाइट धरती मी. हजार व्हॅटचा हॅलोजन हाय, चटका बसणारच."

लग्न झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात नाथाजींचा लाइटवाला ऐन मुहूर्ताला गावाला पळाला होता. दारात गाडी उभी आणि हे डोक्याला हात लावून बसलेले. नवी नवरी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "धरायचाच हाय न्हवं? धरती की मी." तेव्हापासून तीच धरत होती. गावात थोडी कुजबुज झाली, बाईमाणूस मांडवात दिवा घेऊन उभी राहते म्हणून. सासूने, मनुबाईंनी, चार दिवस तोंड फुगवलं. पण धंद्याला फायदा असा झाला की जिथे दुसऱ्या व्हिडिओवाल्याला दारातच थांबवत तिथे यांना आत वाट मिळे. हळदीला, चुडा भरताना, नवरीला साडी नेसवून झाली की लगेच. बाई बरोबर आहे म्हटल्यावर बायका पदर सावरून बसत नसत, मोकळ्या बोलत.

आणि ही स्वतः अखंड बोलायची. नाथाजींचा एक डोळा कॅमेऱ्यात, दुसरा मिटलेला. मांडवात काय चाललंय ते तीच सांगायची. आवं, इकडं फिरा, मामा आला. आवं, त्या म्हातारीला घ्या, पुढच्या लग्नाला दिसायची न्हाई ती. नवरीचा बाप खांबाआड गेलाय, रडतोय, तिकडं नगा जाऊ. हे सगळं नाथाजींच्या कच्च्या, अजून न कापलेल्या कॅसेटींवर उमटायचं, अगदी ठळक, कारण नाथाजी सोडले तर माइकच्या जवळ तीच असायची. आणि कापाकापी करताना ते सगळं पुसलं जायचं. लग्नाच्या कॅसेटवर मूळ आवाज ठेवायचा नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी बसवायची, ही आमच्याकडची पद्धतच होती. गाणी नसली तर गिऱ्हाईक कॅसेट परत आणून द्यायचं.

मी त्यांना दोन्ही गोष्टी दाखवल्या. एक सुटं सॉफ्टवेअर: चित्र कापा, जोडा, वर गाणं बसवा, संपलं. दुसरा संच: त्यात व्हिडिओचं होतंच, शिवाय फोटो सुधारायचं, अक्षरं नाचवायची, चित्रं काढायचं आणि आवाजाचं वेगळं, अशी पाच एकत्र. संच महाग, त्याला मशीनही दांडगं लागायचं. सुमंतसरांनी डोळ्यांनी खूण केली, संच खपव. म्हणून मी त्यांनी आणलेल्या कॅसेटचा एक तुकडा घेतला आणि आवाजाचं सॉफ्टवेअर उघडलं. नवरी उखाणा घेत होती, मागे बँड दणदणत होता. मी बँड जरा खाली आणला, बाई जरा वर काढली. पोरीचे शब्द ऐकू आले.

विजयमाला खुर्चीवरून उठलीच. "आवं, ऐका की! पोरीनं नाव घेतल्यालं ऐकाय आलं."

"आलं की," नाथाजी म्हणाले.

"मग? आपल्या कॅसेटीत नवरीचं तोंड हालतंय आन वर पिच्चरचं गाणं. ते बी कसलं, नवरा सोडून निघालाय त्याचं!"

मी हसले, सुमंतसर हसले, नाथाजीसुद्धा हसले. हसत हसतच त्यांनी मान हलवली. "लोकास्नी गाणी पायजेत. बाया काय बडबडल्या ते कुणाला ऐकायचं हाय?"

"मला ऐकायचं हाय."

"तू रोजच ऐकतीस की गं."

त्या दिवशी काही ठरलं नाही. आठवड्याने दोघं परत आली. पुन्हा तेच. ती म्हणे, ताट मांडायचं तर सगळं वाढून घ्यावं, कोरडी भाकरी किती दिवस खायची? ते म्हणत, भूक भाकरीचीच हाय न्हवं? पाच हत्यारं घिऊन बसलो तर एक बी हातात बसायचं न्हाई. त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. माणूस एका कामाचा होता आणि ते काम चोख करणारा होता. हलता पाळणा असो की रुसलेला नवरा, त्यांचा हात कधी थरथरला नाही. पैशाचंही ते फार बोलले नाहीत. नको असलेली वस्तू घरात आणायची नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

तिसऱ्यांदा आली तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजून गेले होते. मी पर्स खांद्याला लावलेली. सुमंतसर बाहेरगावी. नाथाजी म्हणाले, "म्याडम, तुमीच सांगा. तुमी म्हणाल ते घेतो." विजयमाला माझ्याकडे बघत राहिली. मी संच घ्या म्हणावं असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. ते मला वाचता येत होतं.

संच घ्या म्हटलं असतं तर तो परत उघडून दाखवावा लागला असता, पाऊण तास गेला असता. मी म्हटलं, "तुमच्या कामाला सुटं बास आहे हो. लग्नाच्या कॅसेटमध्ये आवाज कोण ऐकतं?"

विजयमालाने हळूच विचारलं, "ताई, तुमचं लगीन व्हायचंय न्हवं अजून?"

"त्याचा काय संबंध?"

"न्हाई, सहज," ती म्हणाली. "तुमच्या वक्ताला कळंल."

मला राग आला. घरी जाईपर्यंत मी फणफणत होते. एक खेड्यातली बाई मला शिकवते म्हणजे काय! आज हे लिहिताना माझ्याच तोंडात मारावीशी वाटते.

नाथाजींनी सुटं घेतलं. मशीन बसवायला मी आष्ट्याला गेले. त्यांच्या बाहेरच्या खोलीत टेबल, टेबलावर प्लास्टिकचं फूल, भिंतीवर 'अंकिता व्हिडिओ शूटिंग' अशी पाटी. अंकिता म्हणजे त्यांची मुलगी, तीन वर्षांची, ती आईच्या मांडीवर बसून सगळं बघत होती. कॅसेट चढवून बघितली तर नवीनच भानगड. चित्र आणि आवाज बरोबर चालेनात. पाच मिनिटांनी शब्द जरा मागे पडे, अर्ध्या तासाने भटजींचं तोंड मिटल्यावर मंगलाष्टक ऐकू येई. त्या काळच्या मशिनींना हा रोगच होता. दुरुस्त करायला दिवस गेला असता. मी म्हटलं, "असं करा, आवाजाची वायर लावूच नका. नुसतं चित्र आत घ्या. नाहीतरी वर गाणीच टाकायचीत." आणि माझ्या हाताने मी ती वायर उपसली.

चहा घेऊन आलेली विजयमाला दारात थांबली. "म्हंजे आता समदं मुकंच म्हणायचं."

"मुकं कसं? गाणी आहेत की," मी म्हटलं.

"व्हय, गाणी हायत," ती म्हणाली आणि चहा दिला.

पुढे सगळं छान चाललं. नाथाजींचं नाव झालं. बदाम, फुलं, उलटणारी पानं बघायला माणसं घरी यायची. पुढच्या मे महिन्यात एका लग्नात मांडवातल्या गर्दीत कुणाच्या तरी कोपराचा धक्का लागून कॅमेऱ्याचा माइक मोडला. विजयमाला म्हणाली, सांगलीत दिऊन या. नाथाजी म्हणाले, कशाला? आवाज लागतोय कुठं आपल्याला? दिला नाही. नव्या कॅसेटी विकत घेण्यापेक्षा जुन्यांवरच परत भरायची त्यांची रीत होती; सगळेच व्हिडिओवाले तसं करत. त्यामुळे सव्वा वर्षात घरातल्या साऱ्या बोलक्या कॅसेटींवर मुकी लग्नं चढली. एकेक करून. कुणाच्या ध्यानातही आलं नाही. यायचं कशाला? ती चोवीस तास शेजारी बोलतच होती.

नव्व्याण्णवच्या श्रावणात तिला कावीळ झाली. आठ दिवस गावठी औषध केलं. कुणी नाकात थेंब घातले, कुणी माळ घातली, माळ वाढली म्हणजे कावीळ उतरते म्हणे. माळ वाढत होती आणि बाई पिवळी होत होती. मग मिरजेला नेलं. चौथ्या दिवशी गेली. तिसावं लागलं होतं.

मला दहाव्याला कळलं. मी आष्ट्याला गेले. मनुबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. सून होती तोवर कौतुकाचा शब्द बोलल्या नव्हत्या त्या, आणि आता येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत होत्या, "माज्या घरातला आवाजच गेला गं बाई." नाथाजी मशीनपुढे बसले होते. मशीन बंद होतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले आणि परत आले. रस्त्यात एसटीत मी रडले, पण तेव्हा मला माझी चूक कळलेली नव्हती. ओळखीची बाई गेली म्हणून रडले, एवढंच.

ती कळली दसऱ्यानंतर, नाथाजी दुकानात आले तेव्हा. दाढी वाढलेली, खिशाची पेनं नाहीत. "म्याडम, पोरगी इचारती, आई कशी बोलायची."

मी खुर्ची पुढे केली.

"पहिल्यांदा मी करून दावलं. तसं न्हवं म्हणती. म्हातारीनं करून दावलं. तसं बी न्हवं म्हणती. परवा म्हणाली, पप्पा, मला येत हुतं, आता येत न्हाई. इसरली ओ ती. पाच वर्साचं पोर, किती दिस ध्यानात ठेवंल?"

अकरा कच्च्या कॅसेटी घरात होत्या. त्यांनी सगळ्या लावून पाहिल्या. बायका हसताना दिसतात, वाजंत्र्यांचे गाल फुगलेले दिसतात, आणि आवाज नाही. ती स्वतः तर एकाही चित्रात नाही, कारण ती कायम उजेडाच्या मागे. गिऱ्हाइकांना दिलेल्या कॅसेटींत गाणी. नाथाजी हे सांगत होते आणि मला ती संध्याकाळ आठवत होती, साडेसहाची, खांद्याला लावलेली पर्स. मी म्हटलं, "नाथाजी, वायर मी काढली होती." ते म्हणाले, "माइक मी न्हाई नीट केला." सुमंतसरांनी चहा मागवला, तो तसाच निवला.

मग त्यांनी शोध धरला. ज्या ज्या घरचं लग्न काढलं होतं त्या घरी जायचं आणि म्हणायचं, तुमची लग्नाची कॅसेट जरा बघू द्या. लोकांना वाटे, डोक्यावर परिणाम झाला. दिग्रजला एका घरी दोन गाण्यांच्या मध्ये दोन सेकंद जागा राहिलेली निघाली. तिथे बाईचा एक हुंकार ऐकू येत होता. नाथाजींनी तो वीस वेळा ऐकला. मग त्या घरची सून म्हणाली, "आवं, त्यो माजाच हाय." त्यांनी माफी मागितली आणि उठले. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना थोडं हसले. ते हसू मला बघवलं नाही.

डिसेंबर उजाडला आणि त्यांना औंधचं लग्न आठवलं. अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीतलं, म्हणजे माइक मोडायच्या आधीचं. नवरदेव वीरधवल, पलटणीतला जवान, आणि त्याचे वडील रिटायर सुभेदार. कॅसेट द्यायला नाथाजी गेले तेव्हा सुभेदारांनी हट्ट धरला होता, ओरिजिनल पण जमा करा. कापलेली वेगळी, ओरिजिनल वेगळी. ओरिजिनल आमच्या ताब्यात राहणार. नाथाजींनी तेव्हा चडफडत ती दिली होती आणि आष्ट्यापर्यंत सुभेदारांच्या नावाने बोटं मोडली होती. आता तेच नाव घेत कराडला एसटी बदलून औंधला गेले. सुभेदारांनी काळी ट्रंक उघडली. कपड्यांच्या घडीत, डांबराच्या गोळ्यांशेजारी, कॅसेट होती. वर तारीख घातलेली. सगळं ऐकून घेतल्यावर तो करडा माणूस म्हणाला, "घेऊन जा. पण परत करा. शिस्त म्हणजे शिस्त." आणि औंधच्या यमाईदेवीचा अंगारा पुडीत बांधून दिला, मुलीसाठी.

नाथाजींनी ती तिथे लावली नाही, घरीही लावली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंकिताला घेऊन थेट दुकानात आले. रविवार होता, दुकान बंद, पण सुमंतसरांनी किल्ली दिली आणि स्वतःही आले. संच दाखवण्याच्या मशीनवर होताच. बैल गेला नि झोपा केला म्हणतात, तसा मी तो उघडला.

अंकिताला सुमंतसर समोरच्या बागेत घेऊन गेले. आधी आम्ही ऐकू, चांगलं निघालं की तिला बोलवू, असं ठरलं. तीन तासांची कॅसेट. दोन तास बँडच बँड. मध्येच "आवं" एवढंच, की बँडने गिळलं. "तिकडं", की फटाके. नाथाजी खुर्चीच्या टोकावर बसलेले, प्रत्येक "आवं"ला मान वर करत होते. नऊ वर्षं हाक मारली तिने, आणि आम्हाला एक आख्खं वाक्य मिळेना.

ते सप्तपदीत मिळालं. तिथे बँड थांबला होता. भटजींचा आवाज लांबून येत होता, जनरेटर घरघरत होता, आणि माइकजवळ कुणीतरी हळू बोललं. मी तेवढा तुकडा चित्रासकट आत घेतला. जनरेटर खाली आणला, भटजी खाली आणले. दुपारचे दोन वाजले त्यात. मग लावलं.

"आवं, हात लय भरून आलाय. जरा खाली घिऊ का?"

स्वच्छ. जणू ती खुर्चीमागे उभी आहे. आणि लगेच पुढे पुरुषाचा आवाज, तिच्याहून मोठा, कारण कॅमेरा त्याच्याच खांद्यावर होता:

"गप धर की. मरतीस का काय तेवढ्यात?"

मग भटजी. मग काही नाही.

नाथाजींनी दोन्ही हात टेबलावर ठेवले होते. ते हातांकडेच बघत होते. काम करताना असं कोण बोलत नाही? माझे वडील आईला याहून वाईट बोलायचे, तेही भाजीत मीठ कमी पडलं म्हणून. नाथाजींना तसं सांगावंसं मला वाटलं, पण सांगून काय उपयोग होता? मी म्हटलं, "पुढचा तुकडा आहे?" पुढे वरात होती. पुन्हा बँड. कॅसेट संपली.

"म्याडम," नाथाजी म्हणाले, "माजं काढता येतंय का त्यातनं?"

येत होतं. दोन मिनिटांचं काम. हेच तर त्या सॉफ्टवेअरचं वैशिष्ट्य, हवं ते ठेवा, नको ते काढा. मी त्यांचं वाक्य कापलं आणि तिचं ठेवलं. ऐकून पाहिलं. नुसती तीच उरली होती, हात भरून आलाय म्हणणारी. निदान पोरीला आईचा आवाज मिळेल, एवढं तरी माझ्या हातून झालं, असं मला वाटलं. खरं सांगते, मला त्या क्षणी हलकं वाटलं.

सुमंतसर अंकिताला घेऊन आले. तिच्या हातात फुटाण्यांची पुडी होती. नाथाजींनी तिला मांडीवर घेतलं. पडद्यावर सप्तपदी चालली होती, नवरा-नवरी सुपारीवर पाऊल ठेवत होती. मी आवाज लावला.

पोरीचा चेहरा असा उघडला की मला वर्णन करता येत नाही. "आई!" ती ओरडली. "आईच हाय! परत लावा." मी परत लावलं. तिने शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिले, हात लय भरून आलाय, आणि आता बरोबर जमलं. "परत." पुन्हा लावलं. सुमंतसर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. नाथाजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. पोरीच्या केसांवर हनुवटी टेकवून ते म्हणत होते, "व्हय गं, आईच हाय. आईच हाय."

चौथ्यांदा ऐकून झाल्यावर अंकिताने मान वर केली. "पप्पा, मग तुमी काय म्हणलासा?"

नाथाजी म्हणाले, "घे म्हणलो. खाली घे म्हणलो, बाळा."

ती पडद्याकडे वळली. व्हिडिओवाल्याची पोर ती, रोज बापाशेजारी बसून हेच बघत वाढलेली. तिने चित्र नीट पाहिलं. चौथं पाऊल झालं, पाचवं झालं, सहावं झालं. नवरीच्या तोंडावरचा उजेड तसाच होता, तसूभर हलला नव्हता.

"मग उजेड का खाली येईना?"

सातवं पाऊल झालं. नाथाजींनी माझ्याकडे पाहिलं. एवढं अगतिक झालेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "म्याडम, लावा माजं बी."

मी म्हटलं, "नाथाजी, नको हो."

"लावा."

मी कापलेलं परत जोडलं. ते काम त्या सॉफ्टवेअरमध्ये एका बटणाचं होतं, ते बटण दाबायला मला वेळ लागला. मग लावलं. तिचं वाक्य आलं, मागोमाग त्यांचं आलं, मग भटजी.

अंकिता थोडा वेळ फुटाण्यांच्या पुडीकडे बघत बसली. मग बापाच्या मांडीवरून खाली उतरली आणि माझ्या खुर्चीजवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, "ताई, नुसतं आईचं लावा."

मी नुसतं आईचं लावलं. नाथाजींनी तिला परत बोलावलं नाही.